चावी कोणाकडे असावी?

संगणकाच्या पडद्यावर कधीकधी एक लहानशी चौकट येते. मजकूर इंग्रजीत असतो. त्याचा मतलब असा की, या संगणकावर लागू असलेल्या निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द झाली आहे, आपण सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधावा. खाली 'ओके' असे एकच बटण. मान्य नसले तरी दाबायला दुसरे बटण नाही.

ही चौकट आम्ही अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि सांगायला संकोच वाटतो, पण आम्ही स्वतः ती इतरांना दाखवलीही आहे. २००६ साली आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर आम्ही पाच जणांनी मिळून मुलामुलींसाठी संगणक कक्ष सुरू केला. आठ संगणक, त्यातले दोन देणगीत आलेले जुने, सगळे तारेने एकमेकांना आणि एकुलत्या एका प्रिंटरला जोडलेले. सर्वांवर विंडोज एक्सपी. उद्घाटनाला चहा-बिस्किटे झाली, भाषणे झाली आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या.

आम्ही एका वहीत त्या तक्रारी लिहून ठेवीत होतो. ती वही आजही आमच्याकडे आहे. कोणी पडद्यावर सिनेनटाचे छायाचित्र लावून गेले. कोणी स्क्रीन सेव्हरला पासवर्ड घालून घरी निघून गेले, पुढच्याला संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागला. कोणी अक्षरे अवाढव्य करून ठेवतो, अशी नोंद तर चार वेळा आहे. सर्वांत मोठा घोळ एका उत्साही मुलाने केला. त्याने एका संगणकाचा आयपी पत्ता बदलून शेजारच्याला असलेलाच आकडा त्यालाही दिला. मग कधी याचे इंटरनेट बंद, कधी त्याचे. कारण शोधता शोधता अर्धा दिवस गेला.

आम्ही मुलांवर खूप चिडलो. वस्तुतः चिडायचे तर स्वतःवर चिडायला हवे होते. एक्सपी बसवताना जे खाते तयार होते ते मुळातच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे असते, म्हणजे त्याला सर्व अधिकार असतात. आम्ही तेच खाते सर्वांना वापरायला दिले होते. घराच्या सगळ्या चाव्या हातात ठेवायच्या आणि आत फिरू नका म्हणायचे, असा तो प्रकार.

सुट्टीत पुण्याहून आलेला एक नात्यातला मुलगा या विषयातला जाणकार होता. त्याने एका दुपारीत सगळे सुरळीत केले. वापरणाऱ्यांसाठी मर्यादित अधिकारांचे खाते केले आणि ग्रुप पॉलिसी नावाच्या सोयीने कंट्रोल पॅनेल बंद, डिस्प्ले बंद, उंदराची उजवी कळ बंद, 'रन' बंद. पासवर्ड आमच्यापैकी एकाला कागदावर लिहून दिला. दुसऱ्या दिवसापासून वहीत नोंद नाही. पुढची दोन पाने कोरी आहेत. त्या कोऱ्या पानांचा आम्हाला केवढा अभिमान होता!

त्या मुलाच्या कामानंतर दोनेक आठवड्यांनी बारावीतली एक मुलगी येईनाशी झाली. जाड भिंगाचा चष्मा, कोणाशी फारसे बोलणे नाही, कोपऱ्यातला संगणक ठरलेला. आमच्यापैकी जे त्या दिवशी टेबलापाशी बसले होते, त्यांना आठवत होते की तिने दोन-तीनदा काहीतरी करून पाहिले, मग ती उठली आणि मुकाट्याने जिना उतरून गेली. काम संपले असेल, असे त्यांना वाटले. पुढे तिचा धाकटा भाऊ पुस्तक बदलायला आला तेव्हा सहज विचारले. तो म्हणाला, "आपाला तिथली अक्षरं दिसत नाहीत. आधी ती मोठी करायची, आता होत नाहीत."

वहीतल्या त्या चार नोंदी! आम्ही ज्याला खोडी समजून लिहून ठेवले होते, ती एका कमी दिसणाऱ्या मुलीची गरज होती. आम्ही खोडकर शोधायला निघालो आणि तिला बाहेर काढून बसलो. तेही तिला न कळवता आणि स्वतःलाही न कळता. कोणी म्हणेल, ब्राउझरमध्ये अक्षर मोठे करण्याची वेगळी सोय असतेच की. असते. पण फाइलींची नावे, मेनू, खिडक्यांचे मथळे यांचे काय? आणि ती सोय तिला दाखवायला आमच्यापैकी कोणी खुर्चीवरून उठले होते का?

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या बैठकीत वारंवार निघत राहिला. सामायिक यंत्राला कुलूप घालण्याचा हक्क कोणाला आणि कुठपर्यंत?

हा प्रश्न आमच्या माडीवर जन्मला नाही. त्याचे वय साठ वर्षांहून जास्त आहे. एका मोठ्या संगणकावर अनेकांनी आपापल्या टर्मिनलवरून काम करावे, ही कल्पना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात आणली. त्या व्यवस्थेचे नाव सीटीएसएस. यंत्र एक आणि माणसे अनेक. मग प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात आणि वेळेची वाटणी व्हावी म्हणून पासवर्ड आला. म्हणजे संगणकावरचे पहिले कुलूप चोरासाठी नव्हते, शेजाऱ्यासाठी होते. एका भिंतीच्या दोन घरांत जशी मधली कडी असते, तसे.

ते कुलूप किती दिवस टिकले? १९६२ साली तिथल्याच अ‍ॅलन शेर या संशोधकाने सर्वांच्या पासवर्डची फाइल छापून मागवली आणि यंत्राने ती निमूट छापून दिली. त्याला चोरी करायची नव्हती. वाट्याला आलेला वेळ त्याच्या कामाला पुरत नव्हता, इतकेच. आणि १९६६ साली तर गंमतच झाली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करीत होते, त्यांची अदलाबदल झाली आणि टर्मिनलवर येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. पहिल्या प्रसंगी कुलूप तोडणारा गरजू होता, दुसऱ्या प्रसंगी कुलूप उघडे टाकणारे खुद्द चावीवाले होते. आमच्या वहीत मात्र सगळे गुन्हेगार एकाच बाजूचे.

त्याच संस्थेच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत याच्या अगदी उलट तऱ्हा होती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे आयटीएस नावाची व्यवस्था घडली. तिच्यात पासवर्डच नव्हता. कोणीही कोणाचेही काम पाहावे, सुधारावे. सगळा संगणक बंद पाडण्यात काही मंडळींना मोठा पराक्रम वाटे, म्हणून त्यांनी संगणक बंद पाडण्याची सरळ आज्ञाच सर्वांना उपलब्ध करून दिली. जे कोणालाही करता येते त्यात पराक्रम कसला? हौसच संपली. मनाई उठली की मनाईतली गोडी जाते, हे आपल्याकडच्या प्रत्येक आजीला ठाऊक असते. तिथल्या हुशार मंडळींनी ते यंत्रात बसवले.

आमच्यापैकी एकाला ही हकीकत इतकी भावली की त्यांनी सर्व कुलुपे काढून टाकावीत असा ठराव मांडला. आम्ही तो मान्य केला नाही. त्या प्रयोगशाळेतले लोक एकमेकांना ओळखणारे, मोडलेले स्वतः जोडू शकणारे. आमच्याकडे एकाच खुर्चीवर चार वाजता सातवीतला मुलगा बसतो आणि पाच वाजता नोकरीचा अर्ज भरणारा पदवीधर. शिवाय कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप लिहून ठेवणारे प्रोग्रॅम असतात. सर्वांना सर्व अधिकार असले की असा प्रोग्रॅम कोणीही बसवू शकतो, आणि पाच मिनिटांनी त्याच खुर्चीवर बसलेल्या मुलीच्या ई-मेलचा पासवर्ड त्याच्या हाती जातो. सायबर कॅफेत अशा गोष्टी घडलेल्या आहेत. तेव्हा कुलूपच वाईट, असे म्हणणारा माणूस त्या मुलीची जबाबदारी झटकतो आहे. ज्या मुलीला आमच्या कुलुपाने बाहेर काढले, तिचेच रक्षण दुसरे एखादे कुलूप करीत होते. गोष्ट सरळ नाही ती इथे.

१९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी संगणकातील संरक्षणावर एक निबंध लिहिला. या क्षेत्रात आजही त्याला मान आहे. त्यात आठ तत्त्वे आहेत. त्यांपैकी एक सर्वांच्या तोंडी असते: प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, त्याहून अधिक नकोत. संगणकाची देखभाल करणारे हे तत्त्व वापरणाऱ्याला सुनावतात. पण नीट वाचले तर ते चावीवाल्यालाही तितकेच लागू आहे. कक्षाचा प्रिंटर सांभाळणाऱ्या माणसाला मुलींच्या फाइली पाहण्याचा अधिकार कशाला हवा? त्याच आठांत शेवटचे तत्त्व असे की, संरक्षणाची व्यवस्था माणसाच्या मनाला पटेल, सहज वापरता येईल अशी असावी. या आठव्या तत्त्वाचा उच्चार आम्ही फार कमी वेळा ऐकला आहे.

चावीवाल्याबद्दल बोलतो आहोत तर आमचीच फजिती सांगून टाकतो. पासवर्डचा तो कागद ज्यांच्याकडे होता ते आमचे मित्र नोकरीसाठी कुवेतला गेले. कागद त्यांच्या पाकिटात. पुढे दोन महिने प्रिंटरची एक साधी जोडणी बदलायची तरी कुवेतला फोन करावा लागे, आणि तिकडे ते ड्युटीवर असत. त्यांनी पासवर्ड मुद्दाम नेला नव्हता. पण अमानत म्हणून सोपवलेली वस्तू हळूहळू स्वतःच्या खिशातली होते, ती अशीच.

आता जे सांगणार आहोत ते आमच्या वाचकांना जवळचे वाटेल. गावातले एक निवृत्त शिक्षक माडीवर येत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मराठी शाळेत आयुष्य गेले, घरी उर्दूची गोडी. मुलाने त्यांना परदेशातून ई-मेल पाठवला, मराठीत. पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकोनांची रांग. दुसऱ्यांदा मुलाने उर्दूत पाठवला, तोही धड वाचता येईना. मास्तर म्हणाले, "अरे, यंत्राला आपल्या दोन्ही भाषा वर्ज्य दिसतात."

यंत्राला वर्ज्य काही नव्हते. विंडोज एक्सपीमध्ये प्रादेशिक आणि भाषाविषयक सेटिंगच्या पानावर एक लहानसा चौकोन होता. त्यात खूण केली की गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्या, या दोहोंना लागणाऱ्या फाइली बसत. देवनागरी पहिल्या गटात, उर्दू दुसऱ्या गटात. मराठी की उर्दू यावर आपल्या समाजात किती वाद झाले, किती व्याख्याने झाली! आणि त्या यंत्राने दोन्ही भाषा एकाच चौकोनात कोंबल्या होत्या. खूण केली तर दोन्ही नीट, नाही केली तर दोन्ही अडल्या. फक्त ती खूण करायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागत आणि बहुधा मूळ सीडीही. अधिकार कुवेतमध्ये, सीडी कपाटात. इंग्रजीत ई-मेल वाचणाऱ्याला मात्र कोणाची इजाजत घ्यावी लागत नव्हती.

इथे आम्हाला पहिल्यांदा उमगले की कुलूप आणि त्यामागची मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेटिंग म्हणजे कोणीतरी आधीच केलेली निवड. अक्षर एवढ्या आकाराचे, भाषा ही, पडद्याचा उजेड इतका. ज्याने ही निवड केली त्याने कोणत्या तरी एका माणसाची कल्पना डोळ्यांपुढे ठेवलेली असते. तो माणूस धड दिसणारा असतो आणि इंग्रजी वाचणारा असतो. या निवडीला कुलूप घातले की त्या कल्पित माणसाला काहीच जाणवत नाही. त्याच्यासाठी दार आधीच उघडे आहे. कुलूप लागते ते फक्त त्याच्याहून वेगळ्या असलेल्यांना. म्हणून सर्वांना एकच नियम लावला, आमचा काही पक्षपात नाही, असे म्हणून आम्ही सुटू शकत नाही. आम्ही तेच म्हणत होतो.

आणि शंकेचे काय? एका मुलाने आयपी पत्ता बदलला, म्हणून साठ मुलांच्या हातून सगळे काढून घेतले. एकाच्या वागण्याचा शिक्का सर्वांच्या कपाळी, हा अनुभव आपल्याला नवा नाही. २०११ साली केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम केले. त्यांत ओळखपत्र पाहणे, नोंदी ठेवणे तर आलेच, शिवाय आतली आडोशाची फळी साडेचार फुटांहून उंच नसावी असेही ठरवून दिले. त्या नियमांना सुरक्षेचे कारण होते आणि ते सर्वांसाठी होते, हे खरे. पण ओळखपत्र पुढे करताना नावावर नजर रेंगाळते ती कोणाच्या, हे इथे लिहून दाखवायची गरज नाही. अशा बदगुमानीबद्दल आम्ही कळकळीने बोलणारी माणसे. आमच्या हाती आठ संगणकांचा कारभार आला तेव्हा आमच्याच मुलांकडे आम्ही कोणत्या नजरेने पाहिले?

मग मर्यादा कुठे आखावी? बैठकीत वाद घालता घालता आमच्यातल्या एका वयस्कर सदस्याने मशिदीच्या वजूखान्याचा दाखला दिला. तिथे प्रत्येकापुढे आपली तोटी असते. कोणी धार बारीक ठेवतो, कोणी मोठी. उठताना ती बंद होते आणि पुढचा माणूस आपल्याला हवी तशी सोडतो. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह मात्र कुलपात असतो आणि चावी मुतवल्लींकडे. त्याबद्दल आजवर कोणाला अपमान वाटलेला नाही, कारण व्हॉल्व्ह फिरवला तर सगळ्यांचे पाणी जाते. पण उद्या मुतवल्लींनी पाण्याची नासाडी होते म्हणून तोट्यांच्या मुठी काढून घेतल्या आणि ज्याला पाणी हवे त्याने मुअज्जिनसाहेबांना विचारावे असे ठरवले, तर?

आम्ही नेमक्या मुठी काढल्या होत्या. आयपी पत्ता, प्रोग्रॅम बसवणे, प्रिंटरची जोडणी हे टाकीचे व्हॉल्व्ह. त्यांना कुलूप हवेच. अक्षराचा आकार, रंगांचा गडदपणा, उंदराचा वेग, लिहिण्याची भाषा या तोट्या. अडचण एवढीच की वजूखान्याची तोटी उठताना बंद केली जाते, संगणकावरची सेटिंग मात्र माणूस उठून गेल्यावर तशीच राहते. यावर तांत्रिक इलाज तेव्हाही होते. 'डीप फ्रीझ' नावाचे एक सॉफ्टवेअर संगणक पुन्हा सुरू केला की सगळे पूर्ववत करते. मायक्रोसॉफ्टने २००७ साली 'स्टेडीस्टेट' नावाचे असेच साधन शाळा-वाचनालयांसाठी फुकट दिले होते (२०१० अखेर ते बंद केले). मना करायचे नाही, फक्त पुढच्यासाठी खुर्ची पुसून ठेवायची. आम्ही ते बसवले. त्याचाही फटका बसला. एका मुलाने दोन तास टाइप केलेला प्रकल्प पेन ड्राइव्हवर घेतला नाही आणि वीज गेली. यंत्र सगळे विसरले. मुलगा रडवेला झाला होता.

"विचारले असते तर आम्ही उघडून दिले नसते का?" हे वाक्य त्या काळात आमच्याच तोंडी फार असे. अमेरिकेत सार्वजनिक वाचनालयांतील इंटरनेटला गाळणी लावण्याचा कायदा २००० साली झाला, आणि २००३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्यामागे एक मुद्दा हाच होता की प्रौढ वाचकाने ग्रंथपालाला विनंती केली तर गाळणी काढता येते. असे विचारायला वाचकाला अवघड वाटेल, हा आक्षेप न्यायालयाने पुरेसा मानला नाही. आम्ही न्यायालयाहून शहाणे नाही. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने मुलांनी भरलेल्या खोलीत टेबलापाशी येऊन, मला दिसत नाही, अक्षरे मोठी करून द्या, असे रोज म्हणायचे, याला विनंती म्हणायचे की आणखी काही? काही गोष्टी विचारल्यावर द्यायच्या असतात. शरीराशी आणि भाषेशी ज्यांचे नाते आहे त्या न विचारता मिळाल्या पाहिजेत, असे आमचे मत झाले. एक सदस्य अजूनही म्हणतात की मुलांनी विचारायला शिकले पाहिजे. त्यांचे म्हणणे आम्ही इथे मुद्दाम नोंदवतो.

एक्सपीतला तो चौकोन पुढे राहिलाच नाही. नंतरच्या विंडोजमध्ये देवनागरी आणि उर्दूची सोय मुळातच बसलेली आली. कोणाची इजाजत नको, खूण नको. मास्तर तोवर हयात होते. त्यांनी नातवाच्या लॅपटॉपवर मराठी बातमी वाचली आणि विचारले, "याला कोणी उघडून दिले?" नातवाला प्रश्नच कळला नाही.

कुवेतवाले मित्र परत आल्यावर पासवर्ड दोन जणांकडे ठेवायचे ठरले, त्यात एक महिला सदस्य. भिंतीवर एक कागद लावला. काय बंद आहे, का बंद आहे, कोणी बंद केले आणि कोणाला विचारायचे, हे त्यावर मराठीत आणि उर्दूत, मोठ्या अक्षरांत. सगळ्या संगणकांवर अक्षर मोठे करण्याची सोय मोकळी केली. त्या मुलीच्या घरी आमच्यापैकी दोघे गेले. ती बारावी होऊन मामाकडे दुसऱ्या शहरात शिकायला गेली होती. तिच्या अम्मीने चहा दिला, आम्ही झाला प्रकार सांगून माफी मागितली. त्यांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, "ती तर म्हणाली होती, तिथलं काम झालं."